वाचक विचारतात : बाळ लगेच रडलं नाही तेव्हा

मागच्या अंकात एका ताईंनी विचारलं होतं की ‘बाळ उशिरा रडलं’ म्हणजे नेमकं काय झालं. मी चार ओळींत सांगितलं होतं की जन्माच्या आसपास बाळाच्या मेंदूला रक्त आणि ऑक्सिजन कमी पडलं तर जी इजा होते तिला डॉक्टर लोक एचआयई म्हणतात, म्हणजे हायपॉक्सिक इस्केमिक एन्सेफॅलोपॅथी. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली, इतके मेसेज आले, की यावेळी दुसरा विषय घ्यायला मन धजलंच नाही. जवळजवळ प्रत्येक पत्रात एकच प्रश्न आहे, कुणी सरळ विचारलाय कुणी आडून, की हे आधी कळलं असतं का. मी बाळांची डॉक्टर, कित्येक वर्षं झाली नागपुरातल्या लेबर रूममध्ये गरम टॉवेल हातात धरून पहिल्या रडण्याची वाट बघत उभी राहते, त्यामुळे हा प्रश्न माझाही आहे. सगळी पत्रं घेता आली नाहीत, सहा घेतेय.

माझा सातवा सुरू आहे. नणंदेच्या बाळाला जन्मताना ऑक्सिजन कमी पडला, तीन आठवडे काचेत होतं. तेव्हापासून मला झोप नाही. माझ्या बाळाला असं होईल का हे आधी समजतं का? घरी सगळे म्हणतात विचार करू नको.
– एक वाचक, नंदनवन

ताई, विचार करू नको असं मी नाही सांगणार, कारण सातव्या महिन्यात विचार केला तर हातात दोन-अडीच महिने असतात, लेबर रूममध्ये पोचल्यावर कधी कधी तेवढी मिनिटंही नसतात. पण आधी हे होतं कसं ते समजून घे, म्हणजे भीती जागेवर येईल.

पोटातलं बाळ फुफ्फुसाने श्वास घेत नाही, त्याचा ऑक्सिजन तुझ्या रक्तातून वारेत आणि वारेतून नाळेने त्याच्याकडे जातो. कळ आली की पिशवी आवळते आणि तेवढा वेळ वारेकडे येणारं रक्त फार कमी होतं, कळ ओसरली की परत सुरू. धडधाकट बाळ हे सहज सोसतं, त्याच्याकडे साठा असतो. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं होतं ना तसं समज, ज्याच्या घरी टाकी भरलेली आहे त्याला नळ तासभर गेला तरी कळत नाही आणि ज्याच्याकडे दोनच गुंड पाणी आहे त्याची लगेच धावपळ. बहुतेक वेळा जोखीम म्हणजे हेच, कळा सुरू व्हायच्या आधी बाळाची टाकी किती भरलेली आहे.

लोकांना वाटतं सगळं त्या शेवटच्या तासातच बिघडतं. १९९८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, पूर्ण दिवसांच्या पण जन्मताच मेंदूची लक्षणं दिसलेल्या बाळांचा, त्यात सुमारे ७० टक्के बाळांच्या बाबतीत ज्या जोखमी सापडल्या त्या सगळ्या कळा सुरू व्हायच्या आधीच्या होत्या, साधारण २५ टक्क्यांत आधीच्याही होत्या आणि कळांमधल्याही, आणि फक्त कळांच्या वेळचं कारण असलेली बाळं अगदी थोडी. आपल्याकडे बाळंतपणातल्या अडचणी जास्त, उशीर जास्त, म्हणून ते आकडे जसेच्या तसे विदर्भाला लावायचे नाहीत, पण आधीचे महिने किती मोलाचे आहेत ते यातून दिसतं.

तर आता तुझी फाईल काढ आणि माझ्यासोबत बघ. बीपी कुठे १४०/९० किंवा वर लिहिलंय का? पायाची सूज जवळपास सगळ्यांनाच येते, पण बीपी वाढलेलं, डोकं ठणकतंय, डोळ्यापुढे अंधारी, चेहरा सुजलेला, असं असेल तर वारेच्या रक्तवाहिन्या नीट उघडलेल्या नसतात आणि बाळाला रक्त कमी मिळतं, हे त्याच दिवशी दाखवायचं. साखरेची ७५ ग्रॅम ग्लुकोजवाली तपासणी झाली का, आणि दोन तासांनी साखर १४० किंवा वर आली होती का? थायरॉईड बघितलं का? हिमोग्लोबिन ११ च्या वर आहे का, आणि गोळ्या खरंच घेतेस की डब्यात पडून आहेत? सोनोग्राफीत बाळाची वाढ दिवसांच्या मानाने मागे आहे असं लिहिलंय का? वाढ मागे असलेलं बाळ म्हणजे ते दोन गुंडवालं घर, त्याला कळांमध्ये जास्त जपावं लागतं.

आणि आपल्या भागातली म्हणून खास सांगते, सिकलसेलची, म्हणजे आई-वडिलांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, टेस्ट झाली का बघ. विदर्भात सिकलसेल पुष्कळ आहे. नुसती वाहक असशील तर बहुधा त्रास नाही, पण आजार असेल तर रक्त कमी, वारेत गुठळ्या, बाळाची वाढ कमी, बीपी वाढणं हे सगळं जास्त दिसतं, आणि अशा आईचं बाळंतपण मोठ्या दवाखान्यातच व्हायला हवं. कितीतरी बायकांना हे पहिल्या बाळंतपणातच कळतं, तेही रक्त चढवायची वेळ आल्यावर. टेस्ट साधी आहे, सरकारी दवाखान्यात फुकट होते.

दिवस किती भरले हेही बघायचं. तारीख उलटली तरी ‘पहिलटकरणीला उशीर होतोच’ म्हणून घरी थांबायचं नाही, वार म्हातारी होते, पाणी कमी होतं. ४१ आठवडे पूर्ण झाले की बहुतेक डॉक्टर कळा आणायला सांगतात, ते उगाच नाही. आणि बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर उद्याची अपॉइंटमेंट आहे म्हणून रात्र काढू नको, तेव्हाच जा. दवाखान्यात जाऊन सगळं ठीक निघालं तर कुणी रागावणार नाही, आणि रागावलं तरी चालेल.

अजून एक गोष्ट, जी कुठल्याच फाईलमध्ये लिहिलेली नसते. आपल्याकडे सातव्यात ओटी भरतात आणि पोरगी माहेरी जाते. छान आहे ते, आईच्या हातचं खायला मिळतं, जीव शांत होतो. पण फाईल सासरच्या कपाटात राहते! मग नवव्या महिन्यात नवा डॉक्टर कोऱ्या कागदाने सुरू करतो, आधीचं बीपी, पहिली सोनोग्राफी, ब्लड ग्रुप, काहीच समोर नसतं. मी स्वतः पाहिलंय की आईला कळांमध्ये विचारतोय ‘साखर होती का’ आणि ती म्हणते ‘काहीतरी जास्त निघालं होतं’. माहेरी जाताना साड्यांच्या आधी फाईल बॅगेत घाल, आणि सगळ्या पानांचे फोटो मोबाईलमध्ये.

जोखीम आहे म्हणजे होणारच, असं मात्र बिलकुल नाही. प्रगत देशांत हजार जन्मांत साधारण १ ते ३ बाळांना एचआयई होतं, आपल्याकडे त्याहून जास्त, तरी बीपी असलेल्या, साखर असलेल्या बहुतेक बायकांची बाळं ठणठणीत रडत येतात. जोखीम कळली की एवढंच ठरवायचं असतं की बाळंतपण कुठे आणि कुणाच्या नजरेखाली.

सुनेच्या सोनोग्राफीत बाळाच्या गळ्याभोवती नाळेचा एक वेढा लिहिलाय. बाळ गुदमरेल ना हो? सिझरच करून घ्यावं का?
– एक आजी, महाल

आजी, नाही. साधारण चार-पाच बाळांत एकाच्या गळ्याभोवती जन्माच्या वेळी नाळ असतेच, आणि त्यातली बहुतेक बाळं काहीही न होता येतात, डॉक्टर बोटाने वेढा सोडवतात की झालं. आपण गळा आवळला तर गुदमरतो कारण आपण गळ्यातून श्वास घेतो, बाळ तर पोटात गळ्यातून श्वास घेतच नाही. नाळ कुठेही असो, तिच्यातलं रक्त चालू आहे का हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर बाळाच्या ठोक्यांतून मिळतं. सोनोग्राफीच्या एका ओळीवरून सिझर नको, पण कळांमध्ये ठोके नीट ऐकणारा दवाखाना मात्र हवाच. सुनेला सांगा रिपोर्ट बाजूला ठेव आणि जेव.

पत्नीला तारीख उलटली म्हणून भरती केलं, सलाईनमधून कळांचं औषध सुरू केलं, चौदा तासांनी रात्री नॉर्मल डिलिव्हरी झाली पण बाळ रडलं नाही. आज पंधरावा दिवस, अजून एनआयसीयूत आहे. सिझर आधीच केलं असतं तर? कुणी नीट सांगूनच नाही राहिलं.
– एक वडील, हिंगणा रोड

भाऊ, पंधरा दिवस एनआयसीयूच्या, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाच्या, बाहेरच्या बाकावर कसे जातात ते मी रोज बघते. तुमची केस मी कागदावर पाहिलेली नाही म्हणून कोण चुकलं की नाही ते मी बोलणार नाही, पण अशा बाळंतपणात काय बघितलं जायला पाहिजे ते सांगते, म्हणजे तुम्हाला नेमके प्रश्न विचारता येतील.

कळांचं औषध वाईट नाही. तारीख उलटल्यावर ते दिलं नाही तर उलट वारेचा धोका वाढतो. फक्त ते थेंब मोजून द्यायचं औषध आहे. दोन कळांच्या मध्ये जी सुट्टी मिळते तेव्हाच बाळाला रक्त मिळतं, म्हणून दहा मिनिटांत पाचपेक्षा जास्त कळा यायला लागल्या तर औषध कमी करायचं किंवा बंद. चौदा तास हा आकडा ऐकून धक्का बसतो पण पहिल्या बाळंतपणात तेवढा वेळ लागू शकतो, नुसत्या तासांवरून काही ठरत नाही. पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यानंतरचा, जोर लावायचा वेळ मात्र मोजतात, पहिलटकरणीत सहसा तीन तासांच्या आत आणि आधी बाळंत झालेलीत दोन तासांच्या आत बाळ व्हायला हवं. त्याच वेळेत बाळावर सगळ्यात जास्त ताण येतो.

ठोके. माझ्या मते सगळं इथे येऊन थांबतं. बाळाचे ठोके मिनिटाला ११० ते १६० असायला पाहिजेत, कळा नीट सुरू झाल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी ऐकायचे आणि जोर लावायची वेळ आली की दर ५ मिनिटांनी, तेही कळ येऊन गेल्यावर लगेच, कारण अडचणीत असलेल्या बाळाचे ठोके कळेनंतर खाली जातात आणि वर यायला वेळ घेतात. कळांचं औषध चालू असेल, बीपी असेल, वाढ कमी असेल तर बहुतेक ठिकाणी मशीनचा पट्टा पोटावर सतत बांधून ठेवतात. मशीन म्हणजे जादू नाही हेही सांगते. सतत मशीन लावल्याने बाळांना झटके येण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसतं पण सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हातपाय आखडणं, हालचाल नीट न होणं, कमी झालेली दिसली नाही, सिझर मात्र वाढली. शेवटी कागदावरची रेघ वाचणारं माणूस हजर पाहिजे आणि त्याला वरच्या डॉक्टरला रात्री दोन वाजता फोन करायचा धीर पाहिजे.

पाणी हिरवं होतं का हे लोक लगेच विचारतात. बाळाने पोटात शी करणं, विशेषतः दिवस उलटलेल्या बाळाने, हे तसं पुष्कळदा होतं आणि एकट्याने त्याचा अर्थ ऑक्सिजन कमी पडला असा होत नाही. घट्ट हिरवं पाणी आणि सोबत ठोके बिघडलेले असतील तर गोष्ट वेगळी.

आणि काही गोष्टी अशा असतात की कुणी कितीही जागं असलं तरी मिनिटांत होतात. बाळ व्हायच्या आधीच वार सुटणं, त्यात पोट दगडासारखं कडक होतं आणि रक्त जातं, कधी कधी रक्त आतच साचतं. नाळ बाळाच्या आधी बाहेर घसरणं. जुन्या सिझरच्या टाक्यावर पिशवी फाटणं, एका सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न केला तर साधारण दोनशेत एकीला. डोकं बाहेर येऊन खांदा अडकणं, हे मोठ्या बाळात आणि साखर असलेल्या आईत जास्त. यासाठीच जोखीम असलेल्या आईने तिथे जावं जिथे अर्ध्या तासात सिझर होऊ शकते, रक्त मिळतं आणि बाळांचा डॉक्टर खोलीत उभा असतो.

एक गोष्ट बोलायला जड जातं पण बोलते, तुमच्या घरी असं झालं असं बिलकुल म्हणत नाहीये. डॉक्टर म्हणतात सिझर करावं लागेल आणि नातेवाईक म्हणतात अमावस्या संपू द्या, किंवा मोठ्या काकांना फोन लावतो, ते भंडाऱ्याहून येतील मग सही करू. मी पाहिलीत अशी बाळं. ती पाऊण तासाची मोकळीक आपल्याला होती, बाळाला नव्हती.

आता तुम्ही काय करायचं. बाळंतपणाच्या केसपेपरची प्रत लेखी अर्ज देऊन मागा, नियमाप्रमाणे ७२ तासांत द्यावी लागते. त्यात पार्टोग्राफ म्हणजे कळांचा आलेख आहे का, ठोक्यांच्या नोंदी किती किती वेळाने आहेत, औषध कधी वाढवलं कधी थांबवलं, ॲपगार स्कोअर, म्हणजे जन्मल्याबरोबर बाळाच्या तब्येतीला दिलेले गुण, एक मिनिटाला आणि पाच मिनिटांना किती, नाळेच्या रक्ताची गॅस तपासणी केली का आणि पीएच ७ च्या खाली, म्हणजे ऑक्सिजन फार कमी पडल्याची खूण, होता का, हे बघा. मग डॉक्टरांना वेळ मागून बसून विचारा, भांडण म्हणून नाही, बाप म्हणून. चांगला डॉक्टर सांगेल. आणि आई अजून बाळंतिणीच्या खाटेवर असेल, तिला एकटीला ठेवू नका, ती तुमच्यापेक्षा शंभरपट तेच तेच आठवत असेल.

माझी मुलगी ८ महिन्यांची. जन्मली तेव्हा रडली नाही, १२ दिवस पेटीत होती, झटकेही आले. मान आत्ता कुठे धरून राहिली, मुठी घट्ट ठेवते. मी आठवा संपेपर्यंत कापूस वेचला आणि ग्रहणात भाजी चिरली, सासूबाई म्हणतात त्यामुळेच झालं. खरं का?
– एक आई, काटोल तालुका

नाही माय, नाही. ग्रहणात भाजी चिरल्याने कुणाच्या मेंदूला काही होत नाही, सूर्य-चंद्राचा आणि तुझ्या वारेचा काही संबंध नाही. कापूस वेचून तुझी कंबर मोडली असेल, तुला आराम मिळायला हवा होता हे खरं, पण त्याने तुझ्या लेकीचा ऑक्सिजन तुटला असं कुणी म्हणू शकत नाही. हे वाचून दाखव घरी. सासूबाईंनाही सांगते, तुम्ही दुःखातच बोलत असाल हे मला कळतं, पण ज्या हातांनी त्या पोरीला रोज भरवायचं, व्यायाम द्यायचा, त्या हातांवर हे ओझं ठेवू नका.

डॉक्टर लोकांचंही यावर दीडशेहून जास्त वर्षांपासून चाललंय. १८६१ मध्ये लंडनमध्ये विल्यम लिटल नावाच्या डॉक्टरने मांडलं की मुलांचे हातपाय आखडण्याचं कारण अवघड बाळंतपण. पुढे १८९७ मध्ये सिग्मंड फ्रॉइड म्हणाले, हो तेच मनाचे डॉक्टर, ते आधी मेंदूचे डॉक्टर होते, की कधी कधी उलटंही असेल, बाळात आधीपासूनच काही असेल म्हणून बाळंतपण अवघड गेलं. आजचं मत त्यांच्या बाजूला बरंच झुकलंय, प्रगत देशांत सेरेब्रल पाल्सीच्या साधारण दहातल्या एकाच मुलाचं कारण बाळंतपणातली ऑक्सिजनची कमतरता निघतं, बाकीच्यांचं आधीचं कुठलंतरी. हे सांगते कारण तुझ्या लेकीच्या बाबतीतही नेमकं कारण एकाच क्षणात, एकाच माणसात शोधून सापडेलच असं नाही.

पण आजचं काम सापडलंय. ८ महिन्यांत मान नुकती धरते, मुठी घट्ट, आणि आधी झटके येऊन गेले, म्हणजे हिला आत्ता, याच आठवड्यात, विकासाची तपासणी आणि फिजिओथेरपी हवी. ‘मोठी होईल तशी सुधरेल’, ‘हिचा बाप पण उशिराच चालला’, असं म्हणत वर्ष जातं आणि त्या वर्षात मेंदू सगळ्यात जास्त शिकायला तयार असतो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात जाऊन आरबीएसकेच्या, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या, टीमबद्दल विचार, २०१३ पासून ही योजना आहे, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी, फुकट, ते पुढे जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात पाठवतात जिथे फिजिओ, बोलण्याची थेरपी, कान-डोळे सगळं एका ठिकाणी बघतात. कानांची बेरा टेस्ट झाली नसेल तर करून घे, डोळेही दाखव, कारण ऐकूच येत नसेल तर पोरगी प्रतिसाद कसा देणार. झटक्यांचं औषध कुणाच्या सांगण्यावरून स्वतः बंद करू नको. एमआरआय झाला असेल तर तो सांभाळून ठेव.

मालिश करतेस तर कर, हळू हाताने, पण घट्ट मुठी जोर लावून उघडायच्या नाहीत आणि आखडलेले पाय ओढायचे नाहीत. मूठ उघडायची असेल तर अंगठ्याच्या बुडापासून हळूच. खेळणं डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी दाखव. रोज थोडा वेळ जागी असताना पोटावर पालथी, तू समोर चेहरा करून.

ती पुढे किती चालेल, किती बोलेल ते मी इथून सांगू शकत नाही. सौम्य इजा झालेली बहुतेक बाळं छान वाढतात, मध्यम इजेत फार फरक असतो, एकासारखं दुसरं नसतं.

आमच्या बाळाला एचआयई झालं तेव्हा वाचलं की परदेशात बाळाला ७२ तास थंड ठेवतात आणि मेंदू वाचतो. आम्हाला इथे ते दिलं नाही. आमचं बाळ त्यामुळे मागे राहिलं का?
– एक आयटीवाले दादा, मनीष नगर

दादा, वाचलंत ते खरं आहे पण अर्धं. ऑक्सिजन कमी पडल्यावर मेंदूच्या पेशी दोन टप्प्यांत मरतात, पहिला धक्का आणि मग काही तासांनी दुसरा, त्या मधल्या वेळेत, जन्मापासून ६ तासांच्या आत, बाळाला ३३-३४ अंश सेल्सिअसवर आणून ७२ तास ठेवलं तर दुसरा धक्का कमी होतो. श्रीमंत देशांत हे नेहमीचं झालंय. पण भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ७ मोठ्या दवाखान्यांत ४०८ बाळांवर हेलिक्स नावाची चाचणी झाली, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात थंड केलेल्या बाळांना फायदा दिसला नाही, उलट मृत्यू जास्त झाले, ४२ टक्के विरुद्ध ३१ टक्के. एक कारण असं सुचवलं जातं की आपल्याकडची बरीच इजा आधीपासून, हळूहळू झालेली असते, एकदम झालेली नसते, मग सहा तासांची खिडकी जन्मायच्या आधीच बंद झालेली असते. त्यामुळे आपल्याकडे सगळीकडे, सगळ्या बाळांना ते देत नाहीत, नीट सोय असलेली काही सेंटर निवडून देतात. तुमच्या डॉक्टरांनी दिलं नाही म्हणजे हयगय केली असं यावरून ठरत नाही. साखर कमी होऊ न देणं, झटके थांबवणं, ताप येऊ न देणं, हेसुद्धा मेंदू वाचवणंच आहे.

मी रामटेक तालुक्यातली आशाताई. रस्त्यात किंवा घरीच बाळंत होण्याची वेळ येते. नाळ बाहेर आली, बाळ रडलं नाही, अशा वेळी आम्ही नक्की काय करावं? मे महिन्यात तर गाडीत भट्टी असते.

ताई, तुमच्या पत्राला मी सगळ्यात जास्त वेळ दिला. सुरुवात कळा वाढवायच्या इंजेक्शनपासून करते. मी शिकाऊ डॉक्टर असताना एक बाई रात्री आली, गावातच कुणीतरी तिला कळा वाढवायचं इंजेक्शन कमरेत दिलेलं, चिठ्ठीवर काही नोंद नाही. सलाईनमधलं औषध थांबवता येतं, कमरेत दिलेलं परत काढता येत नाही. कळांना मध्ये सुट्टीच नव्हती, पोट सैल होतच नव्हतं. बाळ जिवंत आलं, पण ते कसं आलं ते मी आजही विसरले नाही. तुमच्या गावात कुणी बाळ व्हायच्या आधी असं इंजेक्शन देत असेल तर थांबवा, तुमचं बायका ऐकतात, आणि दिलेलंच असेल तर पुढच्या डॉक्टरला घड्याळाच्या वेळेसकट सांगा.

नाळ बाहेर दिसली तर १०८ ला लगेच फोन, आणि तोपर्यंत बाईला गुडघे-कोपरावर ओणवी करा, ढुंगण वर, छाती खाली, गाडीत ते जमणार नसेल तर डाव्या कुशीवर, कमरेखाली गोधडी देऊन. नाळ आत ढकलायची नाही, ओढायची नाही, सारखा हात लावायचा नाही. फोनवर दवाखान्याला ‘नाळ बाहेर आली’ हे तीन शब्द सांगा म्हणजे ते ऑपरेशनची तयारी करून ठेवतील. पायाळू किंवा आडवं बाळ, पाणी खूप जास्त असलेल्या बाया, जुळी, यांच्यात हे जास्त होतं, म्हणून त्यांना तारखेच्या आधीच दवाखान्याजवळ हलवायचं आपण मिळून ठरवायला पाहिजे. १०२ ची गाडी आणि सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझरसुद्धा, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून फुकट आहे, आणि दर ९ तारखेला मोठ्या डॉक्टरची तपासणी असते, जोखमीच्या बायका त्या दिवशी नक्की दाखवा.

बाळ रडलं नाही तर पहिलं मिनिट सोन्याचं. कोरड्या कपड्याने पुसा, ओला कपडा फेकून दुसरा घ्या, पाठीवरून चोळा, तळव्यांवर हलकी टिचकी. तोंडात घाण दिसली तरच आधी तोंड मग नाक साफ. एवढ्याने बरीच बाळं श्वास घेतात. नाही घेतला तर मिनिटाच्या आत बॅग-मास्कने हवा द्यावी लागते, शिकलेली एएनएमताई असेल तर तिच्या हातात बाळ द्या. पूर्ण दिवसांच्या बाळाला सुरुवातीला ऑक्सिजनचं सिलेंडर लागत नाही, साधी हवाच फुफ्फुसात पोचली पाहिजे, सिलेंडर शोधण्यात मिनिट घालवू नका. उलटं लटकवणं, चापट्या मारणं, थंड पाण्याचे शिपके, कांदा नाकाशी धरणं, वार तव्यावर शेकत बसणं, हे सगळं अजूनही गावांत ऐकते, त्यात तेवढाच वेळ जातो आणि बाळ थंड पडतं किंवा दुखावतं. म्हाताऱ्या दाईला रागवू नका, तिच्या हातात कोरडा कपडा द्या, तीच चोळेल.

आणि मे महिन्याचं तुम्ही लिहिलं ते फार बरोबर आहे, हे कुणी विचारत नाही. बाळ थंड पडू नये म्हणून आपण गुंडाळतो ते थंडीत आणि पावसाळ्यात योग्यच, आईच्या छातीला कातडीला कातडी लावून ठेवायचं. पण नागपूरच्या ४५-४६ अंशात, बंद गाडीत, तीन गोधड्यांत बाळ तापतं, आणि ज्याच्या मेंदूला आधीच ऑक्सिजन कमी पडलाय त्याला ताप अजून इजा करतो. म्हणून अशा दिवशी एकच सुती कपडा आणि टोपी, गाडीच्या खिडकीला ओला पडदा, बाळाला मात्र ओला कपडा नाही. तुमच्या किटमधलं थर्मामीटर काखेत लावा, ३६.५ ते ३७.५ सेल्सिअसमध्ये पाहिजे, वर गेलं की एक थर काढा आणि पंधरा मिनिटांनी परत मोजा, आणि ते दोन्ही आकडे चिठ्ठीवर वेळेसकट लिहून एनआयसीयूच्या सिस्टरच्या हातात द्या.